देवराईतलं पडलेलं लाकूड उचलू नका



आज ऊस, भात, खत यांच्यावर थेट लिहीत नाही. बोटाच्या नखाएवढ्या एका बुरशीवर लिहितोय. पण विषय शेवटी जमिनीचाच आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

कारण असं घडलंय. आमच्या गावात देवळाचा जीर्णोद्धार निघालाय. चांगली गोष्ट आहे, माझीही वर्गणी त्यात आहे. पण त्याच्याच जोडीनं देवळाभोवतीची देवराई "साफ" करायचं घाटतंय. साफ म्हणजे काय, तर खाली पडलेले ओंडके, फाटे, ढलप्या गोळा करून विकायच्या, पालापाचोळा ओढून जाळायचा, मोकळ्या झालेल्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि कडेनं शोभेची झाडं लावायची. उभं एकही झाड तोडणार नाही असं कमिटीचं म्हणणं आहे. त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे, सगळी आपलीच माणसं आहेत. माझं म्हणणं एवढंच की झाडं उभी ठेवून खालचं पडलेलं लाकूड नेलंत तरी देवराई निम्मी जाते. कशी जाते ते सांगायला मला ही बुरशी लागते.

आमचा भाग राधानगरी-भुदरगडचा डोंगरपट्टा. मृग लागला की चार महिने आभाळ खाली येतं. अशा दिवसात देवराईत गेलात तर खाली बसून बघा. उभ्यानं दिसणार नाही. अर्धवट मातीत रुतलेली, अंगठ्याएवढ्या जाडीची एखादी कुजकी काटकी शोधा. तिच्यावर ओळीनं बारीक बारीक वाट्या उगवलेल्या दिसतील. उंची सेंटीमीटरभर, तोंड त्याहून कमी. बाहेरून तपकिरी आणि लव असलेली, आतून करडी आणि चकचकीत. काही जातींत आतल्या अंगाला बारीक उभ्या रेघा असतात. आणि प्रत्येक वाटीच्या तळाला मोहरीएवढ्या, पण चपट्या, काळ्या-करड्या टिकल्या. एकदम चिमणीचं घरटं आणि त्यात अंडी. इंग्रजीतही तिला पक्ष्याच्या घरट्याची बुरशी असंच म्हणतात. शास्त्रातलं नाव सायथस. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पेला. मी आपला तिला बोळकं म्हणतो, कारण भातुकलीतल्या बोळक्यासारखीच दिसते.

कोवळ्या बोळक्याला वरून पांढरट पडद्याचं झाकण असतं. संक्रांतीच्या सुगडावर कापड बांधावं तसं. वाढ पुरी झाली की पडदा फाटतो आणि आतली अंडी उघडी पडतात.

या अंड्यांनी पूर्वी भल्याभल्यांना चकवलंय. १६०१ साली कॅरोलस क्लुसियस या युरोपातल्या वनस्पतीशास्त्रज्ञानं आपल्या ग्रंथात या बुरशीची नोंद केली. पुढं बराच काळ लोक आतल्या टिकल्यांना बिया समजत होते. त्या बिया नव्हेत. प्रत्येक टिकली म्हणजे बुरशीच्या असंख्य बीजाणूंची बंद डबी आहे. ती डबी वाटीतून बाहेर जाते कशी, हे मात्र विसाव्या शतकात नीट उलगडलं. कॅनडातले हॅरॉल्ड ब्रॉडी यांनी या बुरशीवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९७५ साली तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

गंमत ऐका. या वाटीला ना वारा लागतो, ना मधमाशी. तिला लागतो पावसाचा थेंब, तोही टपोरा. चार मिलिमीटर व्यासाचा थेंब उंचावरून पडतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला आठ-नऊ मीटरपर्यंत जातो. तो नेमका वाटीत पडला की पाणी तिरप्या भिंतींवरून जोरात वर उसळतं आणि सोबत अंडं घेऊन जातं. उडालेलं अंडं मीटरभर लांब जाऊ शकतं. नखाएवढ्या वाटीतून मीटरभर, म्हणजे गोफणीचाच प्रकार झाला.

पुढचं आणखी भारी आहे. अंड्याच्या पोटाला एक बारीक दोर गुंडाळलेला असतो, पिशवीत घातल्यासारखा. अंडं उसळताना ती पिशवी फाटते, दोर सुटतो आणि दोराचं टोक असतं चिकट. अंडं हवेतून जाताना ते टोक एखाद्या गवताच्या काडीला नाहीतर पानाच्या देठाला चिकटलं की अंडं गर्रकन फिरतं आणि दोर काडीभोवती गुंडाळला जातो. जनावर दाव्याला बांधल्यावर खुंट्याभोवती फिरून दावं गुंडाळून घेतं ना, अगदी तसं. आता ती काडी वाळून खाली पडली की अंडं आपोआप कुजणाऱ्या पाल्यात पोचतं. किंवा ते गवत जनावरानं खाल्लं तर शेणातून बाहेर पडतं. या बुरशीची शेणावर वाढणारी एक जात आहे, ती याच वाटेनं फिरते. म्हणून कधीकधी उकिरड्याच्या कडेला, शेणखत घातलेल्या कुंडीत, जुन्या भुश्श्याच्या ढिगावरसुद्धा ही बोळकी दिसतात. माझ्या बांधावर शेवरीचे छाटलेले फाटे पडलेले असतात, त्यावर दर पावसाळ्यात येतात.

पण तिचं खरं घर जंगलच. आणि ते घर कशाचं बनलंय ते नीट बघा. पहिलं, मेलेलं लाकूड हवं. ही बुरशी जिवंत झाडावर वाढत नाही. दुसरं, ते लाकूड मातीला टेकलेलं, पाल्याखाली झाकलेलं हवं, म्हणजे ओल टिकते. तिसरं, वर सावली हवी, कारण उन्हात काटकी दोन दिवसात वाळते. चौथं, उंच झाडांचं छत हवं. रिमझिम पावसाचे थेंब बारीक असतात, पण पानांवर साचून टोकावरून गळणारा थेंब टपोरा असतो. झाड उंच असलं तर त्याला खाली येईपर्यंत वेगही मिळतो. बोळक्याला असाच थेंब कामाचा.

म्हणजे झाड, पाला, पडलेली काटकी आणि पाऊस अशा चार गोष्टी एका जागी जुळाव्या लागतात. यातली एक काढली की बाकीच्या तीन असून उपयोग नाही. आमच्या कमिटीच्या आराखड्यात झाड आहे, पाऊस देव देणारच आहे. पाला आणि काटकी मात्र जाणार आहे.

देवराईच्या आणखी आत, ओढ्याकाठच्या दमट अंधारात गेलात तर दुसरी वाटी दिसू शकते. गुलाबी-केशरी, मोठी, देठावर उभी. काहींच्या कडेला केस असतात. कुकेना तिचं नाव. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज बुरशीतज्ज्ञ मॉर्डेकाय क्यूबिट कुक यांच्यावरून ठेवलेलं. जगभरच्या उष्ण प्रदेशातल्या ओल्या जंगलात ती सापडते, आपल्या सह्याद्रीतही आहे. तिचं घराणं वेगळं. या घराण्यातल्या वाट्यांत अंडी नसतात. वाटीचं आतलं सगळं अंगच बीजाणू तयार करतं आणि तिथून ते हवेत फेकले जातात. कधीकधी हवा लागली की एकदम धुरासारखी फुंकर निघते. दिसायला दोन्ही वाट्याच, पण एक पावसावर अवलंबून, दुसरी हवेवर. दोघींचं राहणं मात्र एकच, पडलेलं लाकूड.

आता कुणी म्हणेल, काका, बुरशी छान आहे, पण तिच्यासाठी गावाचं काम अडवायचं का?

तर मुद्द्यावर येतो. वाटी ही फक्त फळ आहे. आंब्याच्या झाडाला आंबा लागतो तसं. या बुरशीचं झाड कुठं आहे? ते काटकीच्या आत आहे. पांढऱ्या धाग्यांचं जाळं लाकडात पसरलेलं असतं. काटकी मोडून बघा, ती फिकट पडलेली, रेषारेषांनी सुटणारी दिसते. हे धागे रात्रंदिवस लाकूड खात असतात. आणि लाकूड खाणं ही सोपी गोष्ट नाही.

लाकडात मुख्य तीन माल असतात. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. पहिले दोन कुजवणारे जीव पुष्कळ आहेत. आपण बाटलीतून आणतो तो ट्रायकोडर्माही सेल्युलोजवर चांगलं काम करतो. पण लिग्निन ही वेगळी चीज आहे. घर बांधताना विटा धरून ठेवणारं सिमेंट असतं तसं ते लाकडातल्या धाग्यांना धरून ठेवतं. लाकडात साधारण पाव हिस्सा तेच असतं. ते फोडणं बहुतेक जिवाणूंना जमत नाही. ट्रायकोडर्मालाही ते फारसं जमत नाही. हे काम प्रामुख्यानं काही ठरावीक बुरशा करतात, त्यांना पांढऱ्या कुजीच्या बुरशा म्हणतात. आपली बोळकी त्यांच्यातलीच. तिच्या शेणावर वाढणाऱ्या जातीनं गव्हाच्या काडातलं लिग्निन कसं फोडलं जातं याचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केलाय. कॅनडात याच कुळातली एक जात मोहरीवर्गातल्या कॅनोला पिकाचे धसकटं लवकर कुजवायला वापरता येईल का, हे तपासलं गेलंय. म्हणजे तिकडचे लोक जी बुरशी शेतात आणायचा प्रयत्न करतात, ती आपल्या देवराईत फुकट आहे आणि आपण ती काडेपेटीनं संपवायला निघालोय.

आता ऊसवाल्यांनो, हा धडा आपल्या रानात लावून बघा. एका एकराला तीन-चार टन पाचट निघतं. त्यात एका भाग नत्राला शंभराच्या आसपास भाग कर्ब असतो. लाकडात तर कित्येक शेकडा. कुजवणाऱ्या जिवाला कर्ब खाताना नत्रही लागतो. तो पाचटात नाही मिळाला तर तो जमिनीतला उचलतो, आणि म्हणून सुरुवातीला खोडवा पिवळा दिसतो. घाबरून लोक पुढच्या वर्षी पाचट पेटवतात. वास्तविक कृषी विद्यापीठाची शिफारस साधी आहे. एक टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं संवर्धन. कुजत कुजत ते प्रमाण वीस-पंचवीसच्या आत आलं की तोच नत्र परत पिकाला मिळायला लागतो. यात जादू काही नाही, फक्त दम धरावा लागतो.

जंगलाला युरिया कोण टाकतं? कुणीच नाही. तिथं काटकी पाच वर्षं, ओंडका वीस वर्षं घेतो. सावकाश कुजतो म्हणून सावकाश खायला घालतो. तेवढ्या काळात त्यात वाळवी येते, भुंगेऱ्याच्या अळ्या येतात, गोम येते, बेडूक आडोशाला बसतो, पक्षी अळ्या टिपायला येतो. पुरत्या कुजलेल्या लाकडाचा तुकडा पावसाळ्यात हातात घेऊन पिळा, स्पंजासारखं पाणी निघतं. आमच्या देवराईखालचा झरा निव्वळ लाकडावर चालतो असं मी म्हणत नाही. पण ज्या जमिनीवर पाला आणि कुजकं लाकूड आहे तिथं पाणी मुरतं आणि पेव्हर ब्लॉकवरून ते वाहून जातं, एवढं कळायला कृषी पदवी लागत नाही. तो झरा आमच्या वाडीची तहान भागवतो. मे महिन्यात बोअर उचक्या द्यायला लागल्या की बायका तिथंच घागर घेऊन जातात. आमच्यासाठी पणाला लागलेली गोष्ट ही आहे.

आता जुन्या नियमाकडे या. देवराईतली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही, हा नियम आपण लहानपणापासून ऐकलाय. नेली तर देव कोपतो. मी त्या नियमाकडे दोन्ही डोळ्यांनी बघतो, एक भक्तीचा आणि एक शेतीचा. नियम करणाऱ्यांनी "झाड तोडू नका" एवढ्यावर थांबता आलं असतं. ते थांबले नाहीत. वाळकी काडीही नको म्हणाले. लिग्निन हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, पण पडलेलं लाकूड तिथंच जिरलं पाहिजे हे त्यांनी बघून बघून ओळखलं असावं असं मला वाटतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया फिरून अभ्यासल्या आणि १९७६ साली पश्चिम घाटातल्या देवरायांवर त्यांचा लेख जगापुढं आला. गावांनी देवाच्या नावानं जे राखलं त्याचं मोल त्यातून बाहेरच्यांना कळलं. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं. त्यात महाराष्ट्रातली चार ठिकाणं आहेत, कास, कोयना, चांदोली आणि आमचं राधानगरी. वारसा शेजारीच आहे आणि आपण मात्र आपल्या वाट्याचा तुकडा झाडूनपुसून बाग करायला निघालोय.

बागेला माझा विरोध नाही. तालुक्याच्या गावाला बाग पाहिजेच. पण देवराई ही बाग नव्हे. बागेत पडलेलं पान कचरा असतं, देवराईत ते भांडवल असतं.

आता गावात जे जे प्रश्न निघाले त्यांची उत्तरं देतो. लोकांचे प्रश्न खोटे नाहीत.

एक दादा म्हणाले, ही बुरशी आमच्या काजूला, आंब्याला लागली तर? नाही लागणार. ती मेलेल्या लाकडावरची आहे, जिवंत पिकाला रोग करत नाही. पण सगळ्या बुरशा अशा साध्या नसतात हेही लक्षात ठेवा. नारळ-सुपारीच्या बुंध्यावर गॅनोडर्मा येतो, तो जिवंत झाड मारतो. तिथं रोगट बुंधा, मुळं काढून नष्ट करायलाच हवीत. बागेतल्या रोगट फांद्या छाटून बाहेर काढायच्या, हा नियम बागेसाठी बरोबर आहे. तो नियम उचलून देवराईला लावू नका, आणि देवराईचा नियम डोळे झाकून बागेला लावू नका. दोन्हीकडची गणितं वेगळी आहेत.

दुसरा प्रश्न वाळवीचा. कुजकं लाकूड ठेवलं की वाळवी वाढेल आणि शेतात येईल. वाळवी तिथं आहेच, आधीपासून आहे. तिचं काम मेलेलं खाणं. वारुळाची अळंबी आपण आवडीनं खातो ना? ती अळंबी वाळवीनंच वारुळात पिकवलेल्या बुरशीची असते. माझं रान देवराईपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथून वाळवी येऊन ऊस खाल्ला असं इतक्या वर्षांत माझ्या बघण्यात नाही. ज्याला कांडी लावताना वाळवीचा त्रास आहे त्यानं बेणेप्रक्रिया करावी, त्याचा देवराईशी संबंध जोडू नये.

तिसरा प्रश्न सापाचा, आणि तो खरा आहे. लहान पोरं, म्हातारी माणसं देवाला येतात. म्हणून पायवाट मोकळी पाहिजे, देवळाचं आवार मोकळं पाहिजे, दिवे पाहिजेत. याला माझी ना नाही.

चौथा, वणव्याचा. मार्च-एप्रिलात वाळका पाला पेटतो. यावर उपाय आतला पाला जाळणं हा नव्हे. देवराईच्या बाहेरच्या कडेनं चार-पाच हात रुंदीची जाळरेषा दर माघ-फाल्गुनात काढायची. वनखातं हेच करतं. गावानं दोन दिवस श्रमदान केलं तर होऊन जातं.

पाचवा प्रश्न माझ्या मते सगळ्यात मोठा, तो सरपणाचा. एका मावशीनं मला तोंडावर विचारलं, "तुला बुरशी दिसती, माझी चूल दिसत नाही का?" बरोबर विचारलं. सिलिंडर दर महिन्याला भरणं सगळ्यांना परवडत नाही, पाणी तापवायला लाकूड लागतंच. पण हिशोब करू. देवराईतलं सगळं पडलेलं लाकूड विकलं किंवा वाटलं तर गावाला किती दिवस पुरेल? एक पावसाळासुद्धा नाही. आणि ते एकदाच मिळेल. त्याऐवजी प्रत्येकानं बांधावर गिरिपुष्प, शेवरी लावली तर दरवर्षी छाटायला येते. पाला खताला, फाटे चुलीला. गिरिपुष्पाची फांदी पावसाळ्याच्या तोंडाला रोवली की लागते, रोप विकत आणावं लागत नाही. ज्यांना रान नाही त्यांच्यासाठी गायरानाच्या कडेला ग्रामपंचायतीनं लावावी. मावशीच्या चुलीची सोय केल्याशिवाय देवराई वाचवा म्हणणं हे पोट भरलेल्याचं बोलणं होईल, हे मी मान्य करतो.

आता माझी मागणी सांगतो. पुढच्या ग्रामसभेत हेच मांडणार आहे.

देवळाचं आवार आणि तिथपर्यंतची पायवाट साफ ठेवावी. वाटेवर झाड पडलं तर ते बाजूला सरकवावं, देवराईच्या आतच, बाहेर नाही. पेव्हर ब्लॉक आवारापुरतेच बसवावेत. पुढं गेलेच तर दगडी पायऱ्या घालाव्यात, सांधे सिमेंटनं न भरता. पाला जाळणं पूर्ण बंद. प्लास्टिक, नारळाच्या पिशव्या, अगरबत्तीचे पुडे, पाण्याच्या बाटल्या मात्र वेचून बाहेर काढाव्यात. देवराईतला खरा कचरा तो आहे आणि त्याच्यावर कुणी बोलत नाही. कडेला शोभेची परदेशी झाडं लावू नयेत. लावायचीच तर तिथलीच रोपं, जांभूळ, अंजनी, हिरडा, सुरंगी, जे देवराईत आधीपासून आहे ते. आणि पडलेल्या लाकडाच्या विक्रीतून जी काही रक्कम यायची होती ती आपण वर्गणीतून भरून काढू. माझ्या वाट्याचे मी आधी देतो.

माझ्या पेजवर कृषी सहाय्यक, कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी, बियाणं-खत कंपन्यांतले बरेच मित्र आहेत. त्यांना एक विनंती. शिवारफेरी काढता तेव्हा अर्धा तास देवराईलाही द्या. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब कमी आला की आम्हाला शेणखत वाढवा म्हणून सांगता. सांगणं बरोबर आहे, पण कर्ब तयार होताना कसा दिसतो ते दाखवायला देवराईसारखी शाळा नाही. शेतकऱ्याला तिथं उकिडवं बसवा, एक कुजकी काटकी हातात द्या आणि सांगा की हेच तुझ्या सरीत पाचटाखाली चाललंय. पॉवर पॉइंटनं जे होत नाही ते तिथं होईल.

शाळेतल्या पोरांनाही न्या. बोळकी सापडली की वाटीत किती अंडी आहेत ती मोजा, जवळ चार हातांवर एखादा पत्रा उभा करा आणि मोठी सर येऊन गेल्यावर पुन्हा मोजा. किती उडाली, गवताच्या कुठल्या काडीला चिकटली, ते पोरं शोधून काढतील. फोटो काढा, कुठल्या लाकडावर होती ते लिहून ठेवा, काटकी होती तिथंच परत ठेवा. घरी आणून काचेच्या बरणीत ठेवायची वस्तू नाही ती. आणि महत्त्वाचं, तोंडात घालायची नाही. ही खायची अळंबी नव्हे. रानातली कुठलीही अनोळखी बुरशी खाऊन बघू नका, दरवर्षी पावसाळ्यात कुठं ना कुठं विषबाधा होतेच.

ज्यांच्या गावाला देवराई नाही त्यांनी काय करायचं? एक कोपरा ठेवा. विहिरीच्या मागचा, ओढ्याकडचा, जिथं नाहीतरी पीक येत नाही असा. छाटलेल्या निरोगी फांद्या तिथं आणून टाका, वर पाला टाका आणि विसरून जा. तीन पावसाळे हात लावू नका. ओली फांदी, भुस्सा उभ्या पिकात मातीत मिसळू नका, नत्र ओढून घेईल. वर पसरलेलं चालतं, किंवा असा बाजूला ढीग चालतो. तिसऱ्या वर्षी खालची माती मुठीत घेऊन वास घ्या. पहिल्या पावसाचा वास येतो तसा येईल. बोळकी आली तर समजा तुमच्या रानात लाकूड पचवणारं कुणीतरी राहायला आलंय.

आपण झाडं लावतो, फोटो काढतो, पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात परत लावतो. झाड लावायला वर्गणी निघते, बॅनर निघतो. पडलेलं झाड पडलेलं ठेवायला मात्र काहीच लागत नाही, फक्त हात आवरायला लागतो. आणि तेच आपल्याला जड जातं, कारण मोकळी, झाडलेली, सपाट जागा म्हणजे प्रगती असं आपल्या डोक्यात बसलंय. अंगण झाडावं, गोठा झाडावा. देवाचं रान झाडायला आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. उलट काडी उचलू नका म्हणून सांगितलंय.

ग्रामसभा येत्या अमावस्येनंतरच्या सोमवारी आहे. आमच्या गावातल्या मंडळींनी या. माझं पटलं नाही तरी या आणि समोर बोला. येण्याआधी मात्र एकदा देवराईत जाऊन पाच मिनिटं खाली बसा, एक काटकी उलटी करून बघा, आणि मग हात वर करा.